रिकामी नळी, अर्थात पीएचडी करू का?

मागच्या शनिवारी रात्री साडेनऊ वाजता कराडहून मामांचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ. हवापाणी, तब्येत, ह्यूस्टनचा उकाडा या सगळ्या चौकशा मामांनी दीड मिनिटात उरकल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी महत्त्वाचं आहे. एरवी मामांच्या नमनालाच घडाभर तेल लागतं.

मुद्दा असा होता. माझा मामेभाऊ सध्या केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या हातात दोन कागद आलेत. एक दहेजच्या एका रसायन कंपनीचं नोकरीचं पत्र. दुसरं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पीएचडीच्या प्रवेशाचं पत्र. फी माफ आणि वर स्टायपेंड. इथल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपापसात ठरवलेलं आहे की असं आर्थिक मदतीसकटचं बोलावणं दिलं की विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत विचार करू द्यायचा, त्याआधी उत्तरासाठी तगादा लावायचा नाही. त्यामुळे घरात सध्या १५ एप्रिल ही तारीख दहावीच्या निकालासारखी टांगलेली आहे.

"तू स्वतः केलीयेस," मामा म्हणाले. "तू फक्त हो की नाही एवढं सांग. बाकी आम्ही बघतो."

आता गंमत बघा. पीएचडी केलेल्या माणसाला हो की नाही असं विचारणं म्हणजे गवयाला 'फक्त सा म्हणून दाखवा आणि बसा' म्हणण्यासारखं आहे. मी मामांकडून आठ दिवस मागून घेतले. ते आठ दिवस डोक्यात जे घोळलं ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न काही आमच्या एकट्याच्या घरातला नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे पीएचडी म्हणजे शिक्षणाची सगळ्यात वरची पायरी असं समजतात. बारावी, मग इंजिनिअरिंग, मग मास्टर्स, मग पीएचडी. मी २०१२ साली इकडे यायला निघालो तेव्हा बाबांनीही हेच विचारलं होतं, "अरे, इंजिनिअर झालास ना? मग अजून काय शिकायचं राहिलंय?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं की आपण अजून थोडं शिकायला चाललोय.

पीएचडीत शिकणं पहिल्या वर्षात जवळजवळ संपतं. ट्रान्स्पोर्ट, थर्मोडायनॅमिक्स, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग, गणित, असे पाचसहा विषय असतात. मॅकेब-स्मिथ, ट्रेबल आणि लेव्हनस्पील घोकून गेलेल्या आपल्या पोरांना ते जड जातात, पण मारून नेता येतात. त्यानंतर जे सुरू होतं ती नोकरी असते. पगार कमी, साहेब एकच, सुट्टी अनिश्चित आणि काम असं की ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही. साहेबालासुद्धा नाही. त्याला माहीत असतं तर त्याने तुम्हाला कशाला बोलावलं असतं?

शिवाय आमचा विषयही जरा विचित्र. केमिकल इंजिनिअर म्हटलं की लोकांना वाटतं हा केमिस्ट्रीवाला. तसं नाही. केमिस्ट चंबूत एखादं रसायन बनवून दाखवतो. तेच रोज शंभर टन बनवायचं म्हटलं की आमचं काम सुरू होतं. वाटतं तितकं ते सोपं नाही. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दसपट केली की आतला माल हजारपट होतो, पण भांड्याचा पृष्ठभाग फक्त शंभरपट वाढतो. म्हणजे उष्णता तयार होणार हजारपट आणि बाहेर पडायला वाट शंभरपट. चंबूत गुण्यागोविंदाने चालणारी क्रिया टाकीत गेली की भडकते ती यामुळे. घरात चार माणसांचा भात सुरेख करणाऱ्या माणसाने लग्नाच्या पंगतीचा भात केला की तो खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. आमचं शास्त्र साधारण त्या भाताचं शास्त्र आहे.

तर आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मी काय म्हणतोय ते कळायचं नाही.

माझा विषय होता प्रोपेनपासून प्रोपिलीन बनवणं. प्रोपिलीनपासून पॉलिप्रोपिलीन होतं, आणि त्यापासून सिमेंटची पोती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डबे, असं घरात जिकडे बघाल तिकडे काहीतरी. प्रोपेन वायू सुमारे ६०० अंश सेल्सिअसला योग्य उत्प्रेरकावरून नेला की त्याचे दोन हायड्रोजन सुटतात आणि प्रोपिलीन मिळतं. प्लॅटिनम आणि कथील यांची जोडी या कामाला चांगली चालते हे जुनंच ज्ञान आहे. अडचण अशी की उत्प्रेरकावर काजळीसारखा कार्बन जमतो, त्याला कोक म्हणतात, आणि तो झोपतो. मग गरम हवा सोडून कोक जाळायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. प्रत्येक जाळपोळीत उत्प्रेरक थोडा थोडा खराब होतो. हा या धंद्यातला नेहमीचा रडका प्रश्न.

मी त्यात आणखी एक धातू घालून बघत होतो आणि मला चमत्कार दिसला. माझा उत्प्रेरक प्रत्येक वेळी जाळल्यावर खराब होण्याऐवजी सुधारत होता! पाचव्या फेरीला पहिल्यापेक्षा चांगला, विसाव्या फेरीला पाचव्यापेक्षा चांगला. आलेख असा चढत जायचा की बघत राहावं. माझ्या गाईडने, म्हणजे इथल्या भाषेत अ‍ॅडव्हायजरने, तो आलेख छापून आपल्या खोलीच्या दारावर लावला. वार्षिक परिषदेत सादर करण्यासाठी गोषवारा पाठवला. मी घरी फोन करून सांगितलं की आता बहुतेक लवकर संपेल. बाबांना काही कळलं नाही, पण आनंद झाला. असे चौदा महिने गेले.

आमच्या लॅबमध्ये एक सिनियर कोरियन मुलगी होती. फार बोलायची नाही. एका संध्याकाळी तिने दारावरचा आलेख बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "रिकामी नळी शेवटची कधी चालवलीस?"

रिकामी नळी म्हणजे काय ते सांगतो. रिअ‍ॅक्टर म्हणजे आमच्याकडे पाव इंच जाडीची स्टीलची नळी. ती भट्टीत उभी बसवायची, मध्यभागी उत्प्रेरकाची चिमूटभर पूड. प्रयोग सुरू करण्याआधी पूड न घालता नुसती नळी तापवून वायू सोडायचा आणि काहीच होत नाही ना हे बघायचं, अशी पद्धत आहे. मी ती पाळली होती. पहिल्याच आठवड्यात. तेव्हा नळी नवी होती आणि अगदी गप्प होती. त्यानंतर चौदा महिने मी तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी पूड काढून टाकली. नळीत नुसता क्वार्ट्झचा कापूस ठेवला, भट्टी ६०० अंशांवर नेली, प्रोपेन सोडला आणि बसून राहिलो. गॅस क्रोमॅटोग्राफला एक नमुना तपासायला वीसेक मिनिटं लागायची. पडद्यावर रेघ सरळ जात होती, सरळ जात होती, आणि मग प्रोपिलीनच्या जागी हळूच वर चढली.

उत्प्रेरक असताना नऊ टक्के प्रोपेन बदलायचा. नळी रिकामी असताना सहा टक्के बदलत होता.

झालं होतं असं की स्टीलमध्ये लोखंड असतं, निकेल असतं, क्रोमियम असतं. दर वेळी कोक जाळायला मी गरम हवा सोडत होतो आणि नंतर हायड्रोजन. त्याने नळीची आतली भिंत खरबरीत होत गेली, धातूचे बारीक कण वर येत गेले. सुधारत होती ती नळी. माझा उत्प्रेरक इतर सगळ्यांच्या उत्प्रेरकांसारखाच हळूहळू मरत होता.

पहाटेचे तीन वाजले होते. लॅबमध्ये मी एकटा. गाईड आठवडाभर परगावी गेलेले. त्या कोरियन मुलीने एक प्रश्न विचारला होता, उत्तर काही तिला कुणी दिलं नव्हतं. मी आज प्रामाणिकपणे कबूल करतो की त्या वेळी मनात पहिला विचार आला तो असा की ही नळी बदलून टाकू, आकडे थोडे खाली आलेच तर काहीतरी कारण सापडेल. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

मी गप्प बसलो नाही याचं श्रेय माझ्या संस्कारांना वगैरे देणार नाही. खरं कारण भीती. हा प्रयोग उद्या कुणीतरी दुसऱ्या लॅबमध्ये क्वार्ट्झच्या नळीत करणार आणि त्याला हा चमत्कार दिसणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. निसर्ग कुणाच्या शिफारशीने वागत नाही.

गाईड परत आल्यावर मी दोन आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उठून दारावरचा कागद काढला, घडी करून खणात ठेवला. मग म्हणाले, "बरं. मग आता आपल्याला नक्की काय माहीत आहे?"

गोषवारा मागे घेतला. क्वार्ट्झची नळी आली. पाच महिने सगळे प्रयोग पुन्हा केले. उत्प्रेरक अगदीच साधारण निघाला. शेवटी प्रबंध झाला तो उत्प्रेरक का मरतो यावर, आणि त्यातलं एक प्रकरण नळीच्या भिंतीवर. पुढे आमच्या लॅबमध्ये आलेली मुलं माझ्या प्रबंधातलं तेवढं एकच प्रकरण वाचायची. एकूण पावणेसहा वर्षं लागली.

पुढे एकदा अमोनियाचा इतिहास वाचताना मला फार बरं वाटलं. फ्रिट्झ हाबरने १९०९ साली हवेतल्या नायट्रोजनपासून टेबलावर अमोनिया बनवून दाखवला. तो कारखान्यात बनवायची जबाबदारी कार्ल बॉशवर आली. त्याच्या पोलादी नळ्या थोड्याच दिवसांत फुटायच्या, कारण प्रचंड दाबाखाली तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बनच खाऊन टाकायचा. बॉशने आतून मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. तिकडे त्याचा सहकारी आल्विन मिटाश हजारो उत्प्रेरक तपासत होता, आणि त्यातले जवळजवळ सगळे निरुपयोगी निघाले. १९१३ साली ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आज जगाचं अर्धंअधिक शेत ज्या युरियावर आणि खतांवर उभं आहे, त्याच्या मुळाशी फुटलेल्या नळ्या आणि फसलेल्या पुडी आहेत. माझी नळी त्यांच्यापुढे किरकोळ, पण जात तीच.

तर मुद्दा असा की पीएचडी तुम्हाला हे शिकवते. आपण खरं समजत होतो ते खरं नाही हे स्वतःच शोधून काढायचं आणि स्वतःच जाऊन सांगायचं. आणि मला वाटतं, आपल्याकडच्या हुशार मुलांना नेमकं हेच सगळ्यात जड जातं. पहिलीपासून आपल्याला बरोबर उत्तराची सवय लावलेली असते. तोंडी परीक्षेत येत नसलं तरी काहीतरी ठोकून द्यायचं, गप्प बसायचं नाही. मी इथल्या पात्रता परीक्षेत तेच केलं. तीन प्रोफेसर समोर, मी फळ्यापाशी, आणि मी धडाधड ठोकतोय. शेवटी एक म्हातारे प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. मग आपल्याला पुढे जाता येईल." बावीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

आता हे सगळं वाचून वाटेल की मी पीएचडीचा प्रचारक आहे. तसं नाही. कारण माझी गोष्ट नीट संपली यात माझा वाटा थोडा आणि नशिबाचा फार. नशीब म्हणजे गाईड.

आमच्याच मजल्यावर दुसऱ्या एका ग्रुपमध्ये भारतातलाच एक मुलगा होता. माझ्यापेक्षा हुशार, हात माझ्यापेक्षा साफ. चौथ्या वर्षी त्याच्या गाईडचं अनुदान संपलं आणि त्याबरोबर गाईडचा त्याच्यातला रसही संपला. भेटीची वेळ मिळेना, लिहिलेला पेपर सहा महिने वाचला जाईना. दुसरा गाईड शोधायचा तर नव्याने सुरुवात. सोडायचं तर व्हिसा त्याच प्रवेशावर उभा. शेवटी तो मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याची नळी माझ्यापेक्षा स्वच्छ होती. मला आजही निरोपाच्या दिवशीचा त्याचा चेहरा आठवतो; तो विद्यापीठाला शिव्या देत नव्हता, 'घरी काय सांगू' एवढंच विचारत होता.

म्हणून मी मामेभावाला पहिली गोष्ट ही सांगितली की विद्यापीठाच्या नावाचा क्रमांक बघू नकोस, गाईड बघ. तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना थेट लिही. ते सहसा खरं सांगतात, आणि ज्या ग्रुपमधून उत्तरच येत नाही ते एक उत्तरच असतं. विचार की या माणसाकडे मुलांना किती वर्षं लागतात? कितीजण मधेच सोडून गेले? गेलेले आज कुठे आहेत? पैसे पुढच्या तीन वर्षांचे आहेत का? आणि लॅबमध्ये सुरक्षेचे नियम भिंतीवर आहेत की वागण्यात? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत आपोआप पेट घेणारं रसायन हाताळताना तेवीस वर्षांची एक संशोधन सहायक भाजली आणि जानेवारी २००९ मध्ये गेली. अंगात संरक्षक कोट नव्हता. त्यानंतर इथल्या लॅब पुष्कळ सुधारल्या, पण सगळ्या सारख्या सुधारल्या असं समजू नये.

दुसरी गोष्ट किंमत. पैशाची किंमत लोक लगेच मोजतात. माझ्या हातात महिन्याला सुमारे दोन हजार डॉलर यायचे. खाऊनपिऊन राहता येतं, साठत काही नाही. बरोबरचे मित्र तोवर पुण्यात फ्लॅट घेऊन मोकळे झाले होते. पण ती किंमत भरून निघते. दुसरी निघत नाही.

माझी आजी २०१६ च्या फेब्रुवारीत गेली. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाचा शिक्का तेव्हा संपलेला होता. इथे राहायला त्याची गरज नसते, पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवा शिक्का लागतो. आणि आमच्या विषयावर दूतावासांची खास नजर. केमिकल इंजिनिअरिंग संवेदनशील तंत्रज्ञानाच्या यादीत येतं, त्यामुळे जास्तीच्या तपासणीत पासपोर्ट आठवडे न् आठवडे अडकलेली मुलं मी पाहिली होती. तीन आठवड्यांवर माझी प्रस्तावाची परीक्षा होती. आई फोनवर म्हणाली, "येऊ नकोस, तिला चाललं असतं." मी गेलो नाही. त्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी भट्टी सुरू केली, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. आजीला चाललं असतं की नाही हे मला आता कधीच कळणार नाही. पीएचडीचा विचार करणाऱ्यांनी हाही खर्च वहीत मांडावा.

तिसरी गोष्ट, ग्रीनकार्डासाठी पीएचडी करू नये. आमच्या वेळी हा हिशेब अनेकांचा असायचा, की फी नाही, वर पैसे मिळतात, आणि नंतर तीन वर्षं नोकरीची परवानगी. तो तेव्हाही कच्चा होता, कारण भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग मारुतीच्या शेपटासारखी आहे. आता तर आणखीच. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. त्याच वर्षी इथल्या सरकारने संशोधनाच्या अनुदानांना कात्री लावली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेशच कमी केले. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा फतवा निघाला. पीएचडी पाच-सहा वर्षांची. एवढ्या काळात इथे निदान एकदा अध्यक्षपदाची निवडणूक होते. ज्या फळासाठी झाड लावायचं ते फळ दुसऱ्याच्या हातात असेल तर झाड लावू नये.

आणि चौथी गोष्ट, जी मामांना ऐकायला आवडेल. परदेशातच जायला हवं असं मुळीच नाही. केमिकल इंजिनिअरिंगपुरतं बोलायचं तर आपलं घर भरलेलं आहे. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, १९३३ सालची. पुण्याची एनसीएल १९५० सालची. मनमोहन शर्मा केंब्रिजहून पीएचडी करून १९६४ साली माटुंग्याला परत आले आणि सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर झाले. रघुनाथ माशेलकरांनी १९६९ साली पीएचडी मिळवली ती तिथेच, शर्मांच्या हाताखाली. पुढे दोघेही लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एकजण केंब्रिजहून आलेला, दुसरा माटुंग्यात घडलेला. तिकडची शिष्यवृत्तीही २०२३ मध्ये सुरुवातीला महिना ३७,००० रुपयांवर गेली. दहेजच्या पगारापुढे ती कमी वाटेल, पण आजी आजारी पडली तर रात्रीची एसटी पकडता येते. अर्थात तिथेही गाईड बघूनच जायचं. पळसाला पाने तीनच.

अमेरिकेचं काय चांगलं आहे ते मी नाकारत नाही. यंत्र बिघडलं तर सुटा भाग तीन दिवसांत दारात येतो. विद्यार्थ्याने भर बैठकीत प्रोफेसरला 'हे चुकतंय' म्हटलं तर कुणी दुखावत नाही, निदान चांगल्या ठिकाणी तरी नाही. माझी चूक त्या कोरियन मुलीने पकडली ती तिने मोकळेपणाने विचारलं म्हणून. पण असा मोकळेपणा देणारी माणसं भारतातही आहेत आणि न देणारी इथेही आहेत, हे वरच्या मुलाच्या गोष्टीवरून लक्षात आलं असेलच.

असो. आठ दिवस संपले आणि काल मी मामेभावाला फोन केला. वरचं सगळं त्याला सांगितलं. मग म्हटलं, "आता तुझीच रिकामी नळी चालवून बघू. पीएचडीतून अमेरिका काढून टाक. नावामागचं डॉक्टर काढून टाक. मामांनी कराडभर वाटायचे पेढे काढून टाक. दहेजच्या नोकरीची भीती वाटते म्हणून पळतोयस का, तेही काढून टाक. मग काही उरतंय का बघ. उरत नसेल तर दहेजला जा. त्यात कमीपणा काहीच नाही. दोन वर्षं कारखान्यात काढलेला माणूस लॅबमध्ये माझ्यापेक्षा शहाणा असतो, आणि अर्ज तेव्हाही करता येतो."

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "दादा, मागच्या सेमिस्टरला डिस्टिलेशनच्या प्रॅक्टिकलमध्ये आमचे आकडे जुळत नव्हते. तीनदा केलं. सर म्हणाले, वेळ नाहीये, मागच्या बॅचचे लिहून टाक. मी लिहिले. मार्कही चांगले पडले. पण ते का जुळत नव्हते हे अजून डोक्यातून जात नाही."

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. कुणाला लिहायचं, काय विचारायचं, याची यादी मात्र पाठवली.

आज सकाळी मामांचा फोन आला. "अरे, तो काल रात्रीपासून कॉम्प्युटरवर बसून कसली तरी पत्रं लिहितोय. मग ते हो समजायचं की नाही?"

म्हटलं, "मामा, उत्तरं येऊ द्यात. १५ एप्रिलला अजून वेळ आहे."